म्हातारा बैल कोणाच्या दावणीला?

(वर्धा इथे शेतकरी, जनावरांचे व्यापारी आणि कार्यकर्ते यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात आलेलं थोडं आवरून घेतलं आहे.)



मला निरोप आला तेव्हा विषय 'सामाजिक सलोखा' असा होता. मी संयोजकांना म्हटलं, सलोख्यावर मी बोलत नाही. सलोख्याच्या सभेत आपण एकमेकांना शीरखुर्मा आणि तिळगूळ आठवून देतो, टाळ्या होतात, चहा होतो आणि दुसऱ्या दिवशी बाजारात काय चाललंय ते कुणी बघत नाही. मी हिशेबावर बोलेन. माझे अब्बा जनावरांचे व्यापारी होते आणि आमच्या घरी हिशेबाशिवाय दुसरी भाषा नव्हती.

गुरांच्या बाजारात भाव बोलून ठरत नसे, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. दलाल मध्ये उभा राहायचा, हातावर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा. शेजारच्याला भाव कळायचा नाही. लहानपणी मला वाटायचं, ही काहीतरी चोरी आहे. अब्बांना विचारलं तर म्हणाले, "बेटा, पाटलाला पैशाची गरज किती आहे ते चारचौघांत कळू नये म्हणून रुमाल असतो." त्या रुमालाखाली एका बाजूला कुणब्याचा, तेल्याचा, माळ्याचा, गोवारी-गवळ्याचा हात असायचा आणि दुसऱ्या बाजूला आमचा. बोटं दाबून आकडा सांगायचा. आता अनोळखी माणसाच्या हाताला हात लावायचा तर भरवसा लागतो, आणि तो होता.

अब्बांकडे दोन प्रकारची जनावरं यायची. एक, कामाची: दोनदाती, चारदाती गोऱ्हे, जुळलेले बैल. ही एका शेतकऱ्याकडून दुसऱ्या शेतकऱ्याकडे जायची. दुसरी, थकलेली. त्यांचं काय होणार हे विकणाऱ्याला ठाऊक असायचं, घेणाऱ्याला ठाऊक असायचं, आणि कुणी विचारत नसे. मी हे रंगवून सांगत नाही. म्हाताऱ्या बैलाच्या कपाळाला कुंकू लावून, पुरणाचा घास भरवून, स्वतः बाजारात न येता भाच्याच्या हाती दावं देणारे शेतकरी मी पाहिलेत. "भाई, तू ने. माह्यानं पाहवत नाही," असं म्हणणारे. जनावर विकणारा शेतकरी बेदरदी असतो असं ज्याला वाटतं त्याने आयुष्यात एकदाही बैल पाळलेला नाही. पण त्या पैशात थोडी भर घालून तोच माणूस मृगाच्या आधी नवा गोऱ्हा दावणीला बांधायचा. म्हातारा बैल हा त्याचा प्रॉव्हिडंट फंड होता. बँकेत नव्हता, गोठ्यात होता, एवढाच फरक.

आता कायद्याकडे येतो, थोडक्यात. १९७६ चा महाराष्ट्र पशुसंरक्षण कायदा गाईची कत्तल बंद करणारा होता. बैल आणि वळू मात्र निकामी असल्याचा दाखला मिळाला तर कापता येत होते. १९९५ साली विधिमंडळाने दुरुस्ती केली, ती वीस वर्षं दिल्लीत पडून राहिली, आणि मार्च २०१५ मध्ये लागू झाली. तेव्हापासून बैल आणि वळूही बंद. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, दंड दहा हजारांपर्यंत. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम आणि निर्दोष असल्याचं आरोपीनेच सिद्ध करावं असं सांगणारं कलम, ही दोन्ही रद्द केली.

सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणंही एकच राहिलेलं नाही. १९५८ च्या हनीफ कुरेशी खटल्यात न्यायालय म्हणालं होतं की गाईच्या कत्तलीवर बंदी घालता येईल, पण निकामी झालेल्या बैलावर सरसकट बंदी घालता येणार नाही, कारण देशात चारा मोजका आहे आणि निकामी जनावर कामाच्या जनावराचा चारा खातं. २००५ साली मिर्झापूर खटल्यात सात न्यायमूर्तींपैकी सहांनी हे मत बदललं. शेणामुताची किंमत धरता बैल कधीच निकामी होत नाही, असा तो युक्तिवाद होता. आज तो कायदा आहे आणि आपण कायदा मानणारे लोक आहोत. पण कायदा मानायचा म्हणजे त्याचा खर्च कोण सोसतो हे विचारायचं नाही, असं नाही.

तर खर्च मोजू. आकडा माझा नाही, सरकारचा घेऊ, म्हणजे भांडण नको. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं, आणि गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदान मंजूर केलं. म्हणजे जनावर नुसतं जगवायला दिवसाला निदान ५० रुपये लागतात, हे सरकारलाही मान्य आहे. ५० गुणिले ३६५: वर्षाला १८,२५० रुपये. हे अनुदान गोशाळेला आहे. कारंजा किंवा आर्वी तालुक्यातल्या कोरडवाहू चार एकरवाल्याच्या गोठ्यात तोच थकलेला बैल उभा असेल तर त्याला यातला एक रुपयाही नाही. एका जोडीचे वर्षाचे साडेछत्तीस हजार झाले. कपाशीच्या भावाने आणि सोयाबीनच्या भावाने आपलं काय केलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत आपला वर्धा होता. ज्या जिल्ह्याला पॅकेज द्यावं लागलं, त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या हातची ही मोडीची रक्कम आपण काढून घेतली.

मग शेतकरी काय करतो? एक, रात्री बैल सोडून देतो, तो दुसऱ्याच्या तुरीत शिरतो. दोन, जनावर ठेवायचंच नाही असं ठरवतो. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गोवंश दीड कोटीच्या वर होता. २०१९ मध्ये तो एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास आला. ट्रॅक्टर आले, चराई गेली, दुष्काळ झाले, ही सगळी कारणं आहेतच. सगळं खापर एका कायद्यावर फोडलं तर तीही लबाडी होईल. पण ज्या वस्तूला मोड नाही ती गरीब माणूस विकत घेत नाही, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

इथे गवळाऊचा विषय निघायलाच हवा. गवळाऊ ही आपल्या जिल्ह्याची जात. पांढरी, हलक्या अंगाची, चालायला वाऱ्यासारखी. तिच्यासाठी हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्र आहे. कपाशीच्या दोन ओळींत डवरा चालवायला आजही बैलच लागतो, ट्रॅक्टर तिथे शिरत नाही. गवळाऊ टिकवायची तर ती पाळणारा टिकला पाहिजे, आणि पाळणाऱ्याला गोऱ्हा विकता आला पाहिजे, रस्त्याने नेता आला पाहिजे. रस्त्यावर अडवाअडवी झाली की गाय वाचवण्याच्या नावाखाली गाईची जातच आटते.

अडवाअडवीचा एक प्रसंग सांगतो, आमच्या घरचा. नावं, ठाणं, तालुका काही सांगणार नाही. माझ्या भावाने एक जोडी शेजारच्या जिल्ह्यात पोचवायला घेतली होती. कामाची जोडी होती, चारदाती. तिकडच्या एका शेतकऱ्याने बाजारात घेतलेली, पावती त्याच्याच नावाची. भाऊ फक्त गाडीवाला. रात्री रस्त्यावर पोरांनी गाडी थांबवली, पावती फाडली, भावाला मारलं. मग पोलीस आले आणि गुन्हा भावावर नोंदला. बैल गोशाळेत गेले, गाडी ठाण्याच्या आवारात. गाडीचे हप्ते चालू होते. भाऊ सुटला, पुढे निर्दोषही ठरला, पण गाडी हातात आली तेव्हा टायरात हवा नव्हती आणि भावात जीव नव्हता. त्याने धंदा सोडला. हे आमचं नुकसान.

आता दुसऱ्या बाजूचं. ज्या शेतकऱ्याची जोडी होती तो नावाने, जातीने, धर्माने हिंदू. त्याची पेरणी त्या आठवड्यात होती. त्याने भाड्याचा ट्रॅक्टर लावला, उधारीवर. डवरणीला शेजाऱ्याची जोडी मागितली, ती मिळाली तेव्हा तण गुडघ्याला आलं होतं. दोन-तीनदा तो गोशाळेत गेला, बैल त्याचेच आहेत हे सांगायला. त्याला न्यायालयाचा कागद आणा म्हणून सांगितलं. तो माझ्या भावाला भेटायला घरी आला होता. दोघं ओसरीत बसले होते आणि कोणाचं जास्त बुडालं हे बोटांवर मोजत होते. रुमाल नव्हता. लपवायचं काही उरलंच नव्हतं. मारणाऱ्या पोरांना वाटलं असेल त्यांनी एका मुसलमानाला धडा शिकवला.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात मॉन्टगोमेरी नावाचं शहर आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी बसवरचा बहिष्कार चालवला ते शहर. तिथे ओक पार्क नावाची बाग, त्यात सार्वजनिक पोहण्याचा मोठा तलाव. फक्त गोऱ्यांसाठी. काळे लोक न्यायालयात गेले, न्यायालयाने सांगितलं की हा भेदभाव चालणार नाही. शहराने काय केलं? १९५९ साली सगळ्या बागाच बंद करून टाकल्या. तलावात माती भरली. काही वर्षांनी बागा उघडल्या, तलाव पुन्हा बांधला नाही. ज्या गरीब गोऱ्या पोरांच्या घरी तलाव नव्हता त्यांचंही पोहणं गेलं. हेदर मॅकगी नावाच्या एका कृष्णवर्णीय बाईंनी २०२१ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की वंशद्वेषाचं बिल फक्त काळ्यांच्या नावे फाटत नाही. दवाखाने, कॉलेजच्या फिया, कामगारांच्या युनियन, सगळीकडे 'त्यांना मिळेल म्हणून आम्हालाही नको' हा हिशेब चालला आणि गोरा गरीबही त्यात भरडला.

तलाव म्हटल्यावर इथे बसलेल्या जय भीमवाल्यांच्या डोळ्यांसमोर महाड आलं असेल. २० मार्च १९२७. आपल्याकडे तर पाणी होतं, वापरायची बंदी होती. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरायची होती तेव्हा मांडवाला कोणी जागा देईना. जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. आमची पोरं हे अभिमानाने सांगतात. मी त्यांना विचारतो, तो फत्तेखान, तू कोण?

कारण इथे आपल्याही घरात डोकवायला हवं. कुरेशी म्हटलं की नाक मुरडणारे मुसलमान मी पाहिलेत. सय्यद-पठाणांच्या घरी कसायाची सोयरीक चालत नाही, मग मशिदीच्या सफ्फीत खांद्याला खांदा लावून उभे राहू दे. २०१५ ला कायदा आला तेव्हा आपल्यातले शिकलेले लोक म्हणाले, तो कुरेशींचा प्रश्न आहे. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना इथे मेलेली गाय सोलणाऱ्या दलित पोरांना गाडीला बांधून मारलं, तेव्हा आपण म्हणालो, तो दलितांचा प्रश्न आहे. आणि व्यापाऱ्यांनो, तुम्हालाही सांगतो. बंदीनंतर भाव पडला तेव्हा काहींनी अडलेल्या शेतकऱ्याला आणखी पाडून मागितलं. 'धोका आमचा आहे' म्हणून. धोका होता, मान्य. पण रुमालाची अब्रू त्या दिवशी आपणही घालवली.

कातड्याचं तर विसरूच नका. बैल हा नुसता मांसाचा विषय कधीच नव्हता. चांभार, ढोर, वहाण शिवणारे, ढोलकीला पान चढवणारे, मोटेचे नाडे आणि चाबूक करणारे, सगळे त्या एका जनावरावर जगत. आपल्या वर्ध्यात हे काम ज्यांनी समजून घेतलं ते मुसलमान नव्हते, दलितही नव्हते. १९३० च्या दशकात इथेच नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. ब्राह्मण माणूस, मेलेलं जनावर सोलण्यापासून कातडं कमावण्यापर्यंत सगळं हाताने शिकला. १९३४ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मध्ये गावच्या चर्मोद्योगावर लिहिलं होतं, त्याचा मथितार्थ हाच होता की ज्याला आपण अस्पृश्य म्हणून गावाबाहेर ठेवलं त्याच्यासोबत त्याची विद्याही बाहेर ठेवली, आणि गाव गरीब झालं. जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये लक्ष्मीनारायण मंदिर सगळ्यांना खुलं केलं. तेच जमनालालजी शेवटच्या दिवसांत गोपुरीला झोपडीत राहून गोसेवेचं काम करत होते. त्यांच्या गोसेवेत पैदास होती, चारा होता, दूध होतं, कातडं होतं. लाठी नव्हती.

कोणी म्हणेल, गांधी-विनोबांच्या जिल्ह्यात बसून तू हे बोलतोस? मी दोन्ही बाजू सांगतो. गांधीजी गाईला पूजणारे, तरी कायद्याने सक्ती करायला त्यांचा विरोध होता. जुलै १९४७ मध्ये दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांनी ते स्पष्ट सांगितलं, कारण हा देश फक्त हिंदूंचा नाही. विनोबांचं मत निराळं होतं. पवनारहून त्यांनी गोवंशबंदीसाठी उपोषण केलं, १९८२ मध्ये देवनारचा सत्याग्रह त्यांच्याच सांगण्यावरून सुरू झाला. मला विनोबांचं म्हणणं पटत नाही. पण त्यांच्याशी वाद घालता आला असता, त्यांनी रस्त्यावर गाडी अडवून कोणाची पावती फाडली नसती. याच वर्ध्यात १९३४ मध्ये खान अब्दुल गफार खान जमनालालजींकडे राहिले होते, आणि डिसेंबरात त्यांना अटक झाली तीही इथेच. १९३७ मध्ये नई तालीमची योजना ज्या समितीने आखली तिचे अध्यक्ष झाकीर हुसेन होते. आपल्या जिल्ह्याचं नाव ज्या कामांनी झालं त्यात हे हात आहेत.

आणि गांधी यायच्या कितीतरी आधीचं सांगायचं तर गिरडला चला. समुद्रपूर तालुक्यातल्या त्या टेकडीवर बाबा फरीदांच्या दर्ग्याला हिंदू-मुसलमान सगळे जातात. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. गोष्ट अशी सांगतात की फकिराची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सगळा माल दगड झाला. भूगर्भवाले दुसरं काही सांगतील. मला व्यापाऱ्याचा मुलगा म्हणून ती गोष्ट आवडते. इतकंच की आज दगड कोणाच्या पोत्यात निघतायत? फेब्रुवारी २०२५ मध्ये तिकडे पाथर्डी तालुक्यात मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान दुकानदारांना बंदी करायचा ठराव केला. प्रशासनाने तो रोखला. यात्रेत दुकान कमी लागलं की जागाभाडं कमी, गिऱ्हाइकाला भाव जास्त. गिरडचा उरूस आणि आपल्या तालुक्यांच्या जत्रा या मार्गाला लागू नयेत, हे बघणं इथे बसलेल्यांच्या हातात आहे.

आता एका पावसाळ्याचं. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदीच बंद केली. परवानगी असलेल्या म्हशींचीसुद्धा. रस्त्यावरच्या मारहाणीला आणि वसुलीला कंटाळून. बाजार ओस पडले. आणि मग पहिल्यांदा असं झालं की आमच्या बाजूने बोलायला शेतकरी उठला. सदाभाऊ खोत सत्ताधारी बाजूचे आमदार, त्यांनी उघडपणे गोरक्षकांच्या विरोधात भूमिका घेतली. त्यांच्या बाकीच्या राजकारणाशी माझा काही संबंध नाही. पण मी टीव्हीसमोर बसून अब्बांची आठवण काढली. इतकी वर्षं आम्ही घटना, हक्क, न्याय असं बोलत होतो आणि कोणी ऐकत नव्हतं. भाकड म्हैस गोठ्यात उभी राहिली तेव्हा ऐकू गेलं. मला याची लाज वाटत नाही. पोटापासून सुरू झालेली एकी डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, पण पोटाची एकी खोटी नसते.

एक भीती मात्र आहे. असा संप एकट्या व्यापाऱ्याने केला तर शेतकऱ्याला तो आपल्यावर धरलेला रोष वाटू शकतो. पुढच्या वेळी दोघांनी मिळून बसलं पाहिजे, आणि मागण्या दोघांच्या सहीच्या पाहिजेत. मला सुचतात त्या सांगतो, तुम्ही बदला. गाडी तपासायची तर गणवेशातल्या पोलिसाने तपासावी, दुसऱ्या कोणी नाही. बाजार समितीच्या आवारातच पशुवैद्यकाचा दाखला मिळावा, म्हणजे वाटेत कोणाला शंका नको. जप्त जनावर कामाचं असेल आणि पावती असेल तर ते मालकाला हंगामाच्या आत परत मिळावं. आणि सरकारला थकलेला बैल जगवायचाच असेल तर ते ५० रुपये गोशाळेइतकेच शेतकऱ्याच्या गोठ्यालाही द्यावेत. यातली एकही मागणी हिंदूची नाही की मुसलमानाची नाही. कायदा बदलायची मागणी मी यात घातलेली नाही. ती वेगळी लढाई आहे, आणि त्यावर या खोलीतही एकमत नाही, हे मला दिसतंय. मागच्या बाकावरच्या काका केव्हाचे मान हलवतायत, नाही अशी. काका, तुम्ही नंतर बोला, मी ऐकायला थांबतो.

मी एक वही आणली आहे. अब्बांची जुनी खातेवही असते ना, लाल पुठ्ठ्याची, तशीच दुकानातून नवी घेतली. गेल्या दोन वर्षांत ज्यांनी जनावर विकलं, विकायला नेऊन परत आणलं, सोडून दिलं, किंवा ज्यांची गाडी अडली, त्यांनी जाताना एकेक ओळ लिहा. जनावर कोणतं, किती दातांचं, किती मागितले, किती मिळाले. नाव नाही लिहिलं तरी चालेल, गाव लिहा. लिहिता येत नसेल तर माझी पुतणी दाराशी बसली आहे, ती लिहून घेईल. शंभर ओळी झाल्या की आपण ती घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ. ओळींमध्ये कोणती कुरेशाची आणि कोणती कुणब्याची हे त्यांना ओळखून दाखवायला सांगू. पहिली ओळ भावाच्या त्या जोडीची आहे, ती मी सकाळीच लिहिली.